नाशिककडे हक्क मागताना खामकडे पाठ

पोस्ट लांब आहे. निवांत वाचा. पटलं नाही तर भांडा, पण शेवटपर्यंत वाचून भांडा.

पावसाळा कमी झालेल्या वर्षी ऑक्टोबर उजाडला की आपल्याकडे एक ठरलेली बातमी असते. जायकवाडीत पाणी किती, वरच्या धरणांत किती, आणि वरून सोडणार किती. मग नाशिक-नगरचे पुढारी एका बाजूला आणि मराठवाड्याचे दुसऱ्या बाजूला. तिकडे रास्ता रोको, इकडेही रास्ता रोको. वीसेक वर्षं या बातम्या करतोय, त्यामुळे कोण काय बोलणार हे आता तोंडपाठ झालंय. आपल्या बाजूचं म्हणणं थोडक्यात असं, की गोदावरीचं खोरं एक आहे, त्यामुळे पाणी असो की टंचाई, ती सगळ्यांनी वाटून घ्यायची. वरच्यानं भरलं भांडं आणि खालच्यानं कोरडं ओठ, हे चालणार नाही.

हे म्हणणं बरोबर आहे. कायद्यानं बरोबर आहे आणि माणुसकीनंही बरोबर आहे. पण ‘खोरं एक आहे’ असं एकदा म्हटलं की ते फक्त नाशिककडे बोट दाखवताना खरं आणि आपल्या घरामागच्या खाम नदीकडे बघताना खोटं, असं कसं चालेल? आज मला याच गोष्टीचा इतिहास सांगायचाय. आपल्या शहराला खोरं म्हणजे काय हे चारशे वर्षांपूर्वी कळत होतं, मध्ये ते आपण विसरलो, आणि आता अर्धंच आठवतोय.

सुरुवात खडकीपासून करू. १६१०च्या सुमारास मलिक अंबरनं खडकी या खेड्याच्या जागी शहर वसवायला घेतलं. हा मूळचा हबशी माणूस, गुलाम म्हणून विकला गेलेला, दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याच्या गनिमी काव्याबद्दल आपण शाळेत वाचलंय. पण या शहरावर त्याचा सगळ्यात मोठा उपकार लढाईचा नाही, पाण्याचा आहे. १६१७-१८च्या सुमारास त्यानं नहर-ए-अंबरी करून घेतली.

नहर म्हणजे उघडा कालवा नव्हे. शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. तिथे पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. ते मुरलेलं पाणी पायथ्याशी भूमिगत बोगद्यांत गोळा करायचं आणि उताराच्या बळावर, कुठलीही मोट न लावता, शहरापर्यंत आणायचं, ही ती युक्ती. वाटेत ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडं ठेवलेली, हवा खेळायला आणि माणसाला खाली उतरून गाळ काढायला. शहराजवळ आलं की खापरी नळ आणि दगडी मनोरे, आणि तिथून हौद. त्याच काळात, १६१५ साली, बुऱ्हाणपूरला मोगलांनी अशाच पद्धतीचा कुंडी भंडारा केला. बिदरलाही असं जमिनीखालचं पाणी आहे. इराणकडून आलेली ही विद्या दख्खनच्या काळ्या पाषाणात बसवायला इथले हात आणि इथली समज लागली असणार, हे सांगायला नको. मलिक अंबरनंतरही नहरी होत राहिल्या. थत्ते नहर, बेगमपुऱ्याची नहर, पाणचक्कीची नहर ही नावं आजही जुन्या शहरातल्या माणसांच्या तोंडी आहेत.

आता ही नहर नकाशावर ठेवून बघा. जटवाड्याच्या डोंगरातून निघालेली खाम हर्सूलवरून खाली येते, बेगमपुरा आणि बीबी का मकबऱ्याच्या बाजूनं पाणचक्कीला वळसा घालते, छावणीतून पुढे जाते आणि शेवटी नाथसागराला मिळते. नहरीचं पाणी आणि खामचं पाणी एकाच डोंगराचं. शहर वसलं ते याच उतारावर. पिण्याचं पाणी वरून यायचं, बंदिस्त, झाकलेलं, माणसाच्या आणि जनावराच्या घाणीपासून लांब. वापरलेलं पाणी खाली जायचं. वर काय जपायचं आणि खाली काय जाणार, याचा विचार शहर आखतानाच झालेला. ‘एकात्मिक खोरे व्यवस्थापन’ हा शब्द तेव्हा कुणी ऐकला नव्हता, पण काम तेच होतं.

पाणचक्की तर याचा सगळ्यात चांगला धडा आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ, खामच्या काठावर, १७४४च्या सुमारास तुर्कताज खान यानं ती उभारली. उत्तरेच्या झऱ्याचं पाणी खापरी नळांतून येतं, भिंतीवर चढतं आणि उंचावरून हौदात कोसळतं. त्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी दळण व्हायचं. मग तेच पाणी हौदात, कारंज्यात. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, त्यामुळे उन्हाळ्यात खाली गारवा. आणि एवढं सगळं करून उरलेलं पाणी खामला. एका पाण्यात पीठ, कारंजं, गारवा, आणि नदीला तिचा वाटा. आज पर्यटक तिथे फोटो काढतात, मागच्या भिंतीपलीकडून वास आला की रुमाल नाकाला लावतात आणि पुढे निघतात.

त्या काळाचं उगाच कौतुक करायचं नाही मला. शहर लहान होतं, माणसं कमी होती, हौदावर कुणाला पाणी भरता येईल आणि कुणाला नाही हे जातीवर ठरत होतं. १७६३मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि वस्ती ओसरली, त्यामुळे पुढची शंभर-दीडशे वर्षं नहरींवर फार ताण आला नाही. पण एक गोष्ट तेव्हा होती आणि आज नाही. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे शहरातल्या माणसाला दिसत होतं.

हे दिसणं बंद कधी झालं? माझ्या मते जायकवाडीनंतर.

१८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. मधल्या काळात ७२चा दुष्काळ येऊन गेला. खडी फोडणाऱ्या त्या पिढीला धरण म्हणजे काय वाटलं असेल, हे आपण नळावर बसून ठरवू नये. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा बांध, २७ दरवाजे, एकूण साठवण १०२ टीएमसीच्या वर आणि त्यातला उपयुक्त साठा ७६ टीएमसीच्या वर. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर.) त्यासाठी शंभरावर गावं पाण्याखाली गेली, हेही लिहून ठेवायला हवं, कारण धरणाच्या कौतुकात ती गावं कुणी मोजत नाही.

नाथसागरानं या शहराला वाढवलं. आधी चिकलठाणा, मग वाळूज, पुढे शेंद्रा आणि बिडकीन. कारखाने आले, कामगार आले, आपल्यापैकी अनेकांचे वडील आले. पाणी मात्र चाळीसेक किलोमीटरवरून आणि खालून वर. पैठणहून उपसायचं, नक्षत्रवाडीला आणायचं आणि मग शहरात वाटायचं. मलिक अंबरचं पाणी स्वतः चालत यायचं, आपलं पाणी विजेवर चढून येतं. पंप बंद, वीज गेली, जलवाहिनी फुटली की शहर कोरडं. धरण भरलेलं असतानाही कित्येक वसाहतींना पाच-सहा दिवसांआड, कधी आठ दिवसांनी पाणी मिळतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. २०२०मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं आणि पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. तिच्यावर स्वतंत्र पोस्ट लिहावी लागेल, आज नको.

मुद्दा हा, की पाणी पाइपातून लांबून येऊ लागलं तशी जवळची नदी शहराच्या उपयोगाची राहिली नाही. जी वस्तू उपयोगाची नाही तिथे आपण काय टाकतो? कचरा. नहरींची तोंडं बुजली, कुठे वर बांधकामं झाली. हर्सूल तलाव थोडंफार पाणी देत राहिला. आणि हर्सूलच्या खालची खाम ‘नाला’ झाली. लोकांच्या तोंडीही नालाच. जुन्या शहराला मकाई दरवाजा, महमूद दरवाजा, बारापुल्ला दरवाजा असे पुलासकटचे दरवाजे आहेत. कुणी नाल्यावर असे दरवाजे बांधत नाही हो. ते नदीवर बांधलेत.

आता वरच्या वादाकडे येऊ, कारण त्यात एक गोष्ट लपलीय जी आपण नीट वाचलेली नाही.

गोदावरीच्या पाण्याचा राज्याराज्यांत तंटा होता. त्यासाठी १९६९मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला आणि १९८०मध्ये अंतिम निवाडा आला. त्याआधी १९७५मध्ये महाराष्ट्र आणि आंध्रात करार झाला होता आणि तो निवाड्यात घेतला गेला. त्यानुसार गोदावरीवर पैठण धरणापर्यंतचं सगळं पाणी वापरायला महाराष्ट्राला मोकळीक मिळाली. म्हणजे पैठणच्या वर जे काही आहे तो भांडणाचा विषय असलाच, तर तो घरातला आहे. आंध्र-तेलंगणाला दोष देता येणार नाही.

घरात काय झालं? वरच्या अंगाला इंग्रजांच्या काळातली दारणा आणि भंडारदरा होतीच. पुढे गंगापूर, मुळा, पालखेड, मुकणे, निळवंडे अशी यादी वाढत गेली. जायकवाडीच्या नियोजनात वरचा वापर जेवढा धरला होता त्यापेक्षा तो वाढला. चांगल्या पावसाच्या वर्षी कुणाला काही वाटत नाही. २००६च्या ऑगस्टमध्ये तर जायकवाडीतून इतकं पाणी सोडावं लागलं की पैठण शहरात पूर आला. पण पाऊस कमी झाला की आधी वरची धरणं भरतात आणि नाथसागराचा तळ दिसायला लागतो.

या सगळ्याकडे खोरं म्हणून बघा, असं सांगणारी माणसं आपल्याच शहरात होती, याचा मला अभिमान वाटतो. १९८०मध्ये कांचनवाडीला जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे आपली वाल्मी, सुरू झाली. १९९३चा स्टॉकहोम जल पुरस्कार ज्यांना मिळाला ते माधवराव चितळे निवृत्तीनंतर इथेच राहिले. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य जल व सिंचन आयोगाचा अहवाल १९९९चा. पाण्याचं नियोजन जिल्ह्यांच्या नव्हे तर खोऱ्या-उपखोऱ्यांच्या हिशोबानं करा, हा त्याचा गाभा.

मग २००५चा कायदा आला आणि महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झालं. या कायद्याचं कलम १२(६)(ग) आपल्याकडे शाळकरी पोराला विचारलं तरी सांगेल. टंचाई सगळ्यांनी समान वाटून घ्यायची आणि त्यासाठी ऑक्टोबरअखेरीस खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील असं नियंत्रण करायचं, असं ते कलम सांगतं. कायदा झाला तरी अंमलबजावणीला वेळ लागला. २०१२-१३च्या दुष्काळानं प्रश्न पेटला. मेंढेगिरी समितीनं २०१३मध्ये अहवाल दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा, खरिपाचा वापर धरून, ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, ही रेषा तिथून आली. प्राधिकरणाचा आदेश १९ सप्टेंबर २०१४चा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २३ सप्टेंबर २०१६ला न्यायालयानं समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. पुढे २०२३मध्ये नेमलेल्या मांदाडे समितीनं ही रेषा ६५वरून ५८ टक्क्यांवर आणायची शिफारस केली आणि आपल्याकडे पुन्हा वातावरण तापलं. ते तापायलाच हवं होतं.

प्रत्यक्ष सोडायचं पाणी किती? २०१५मध्ये १२.८४ टीएमसी, २०१८मध्ये ८.९९ आणि २०२३मध्ये ८.६ टीएमसीचे आदेश निघाले. त्यासाठी नदीकाठची वीज तोडावी लागते, बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, पोलीस बंदोबस्त लागतो. कोरड्या पात्रातून येताना बरंच पाणी वाटेत मुरतं. वरच्या शेतकऱ्याचा ऊस वाळतो, द्राक्षबाग अडचणीत येते. एका-एका टीएमसीसाठी एवढा खटाटोप.

आता ती लपलेली गोष्ट. कलम १२ फक्त ६(ग) एवढंच नाही. त्याच कलमात, जरा वरती, आणखी एक तरतूद आहे. राज्यातल्या पाण्याची गुणवत्ता राखायला आणि सुधारायला प्राधिकरणानं संबंधित यंत्रणांबरोबर काम करायचं, आणि ते करताना ‘जो प्रदूषण करेल तो भरेल’ हे तत्त्व पाळायचं. पाण्याचं वाटप आणि पाण्याचं मढं होऊ न देणं, या दोन गोष्टी कायदा करणाऱ्यांनी एकाच कलमात ठेवल्या. आपण त्यातली एक पाठ केली आणि दुसरीचं पान उलटलंच नाही. ६(ग)साठी किती मोर्चे निघाले ते मोजून दमाल. गुणवत्तेच्या तरतुदीसाठी निघालेला एकही मोर्चा मला तरी आठवत नाही.

आता आकडे मांडतो, स्वतः पडताळून बघा. आपल्या कांचनवाडीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता दररोज १६१ दशलक्ष लिटर आहे. ते पूर्ण क्षमतेनं वर्षभर चाललं तर ३६५ दिवसांत ५,८७६ कोटी लिटर पाणी शुद्ध होईल. एक टीएमसी २,८३१ कोटी लिटरचं. भागाकार केला की उत्तर येतं दोन टीएमसीपेक्षा थोडं जास्त. २०२३मध्ये ज्या ८.६ टीएमसीसाठी नाशिक-नगर आणि मराठवाडा समोरासमोर उभे राहिले, त्याच्या जवळपास चौथा हिस्सा. आणि हे वाटेत मुरणारं पाणी नाही. ते आपल्या दारात आहे, पावसावर अवलंबून नाही, कारण ते आपल्याच न्हाणीघरातून आणि संडासातून येतं. ते शुद्ध करून वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांना, बांधकामांना, बागांना दिलं तर नाथसागरातलं तेवढं पिण्याचं पाणी वाचेल. नाही दिलं आणि शुद्धही नाही केलं, तर ते खाममधून नाथसागरात जाईल. म्हणजे जिथून आपण पाणी उपसतो तिथेच. आपलं आपणच प्यायचं, वर पैठणकरांना आणि खालच्या जालना, बीड, परभणीलाही पाजायचं.

टंचाई आणि प्रदूषण हे दोन वेगळे प्रश्न आहेत, अशी आपली समजूत आहे. बातम्यांतही तसंच असतं. टंचाईची बातमी पहिल्या पानावर, प्रदूषणाची आतल्या पानावर. खरं तर नदीत पाणी कमी झालं की तेवढीच घाण जास्त दाट होते. खाम बारमाही नाही. एप्रिलमध्ये तिच्यात जे वाहताना दिसतं ते डोंगरातलं पाणी नसतं. आणि पाणी घाण झालं की असलेलं पाणीही नसल्यासारखं होतं. दुष्काळ दोन्हीकडून पडतो.

मग हे एकत्र कुणी बघायचं? इथेच गोम आहे. धरण आणि कालवा जलसंपदा विभागाकडे. प्रदूषण बघायला १९७४च्या कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळ. गटार महापालिकेचं. छावणीतला नदीचा भाग छावणी परिषदेचा. नदीची जमीन महसूलची. औद्योगिक वसाहत एमआयडीसीची. एका नदीचे असे तुकडे. खाममध्ये मासे मेले तर फोन कुणाला करायचा, हे ठरवण्यातच माझा अर्धा दिवस जायचा. प्रत्येक साहेब सभ्यपणे दुसऱ्या साहेबाचा नंबर द्यायचा.

असं असायलाच हवं असं नाही. फ्रान्सनं १९६४मध्ये पाण्याचा कायदा केला आणि देशाची खोऱ्यांनुसार सहा भागांत विभागणी करून प्रत्येकाला एक जलसंस्था दिली. पाणी उचलाल त्याचे पैसे, पाणी खराब कराल त्याचे पैसे, आणि जमलेले पैसे त्याच खोऱ्यात खर्च. निर्णय घेणाऱ्या समितीत गावं, शेतकरी, कारखानदार, सरकार सगळे. तिथे सगळं आबादीआबाद आहे असं नाही, पण उचललेलं पाणी आणि सोडलेली घाण एकाच वहीत लिहिली जाते. आपल्या देशानं १९५६मध्येच नदी मंडळांचा कायदा केला. त्याखाली एकही मंडळ उभं राहिलं नाही. आपल्याकडे १९९८पासून गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ आहे, कार्यालय आपल्याच शहरात. नावात गोदावरी आहे, पण काम मुख्यतः धरण-कालव्यांचं. २००५च्या कायद्यानं एकात्मिक राज्य जल आराखडा करायला सांगितला होता. दहा वर्षं तो झाला नाही. वाल्मीतले निवृत्त प्राध्यापक प्रदीप पुरंदरे २०१४मध्ये इथल्या खंडपीठात गेले, तेव्हा कुठे २०१५च्या जानेवारीत राज्य जल परिषदेची पहिली बैठक झाली आणि आराखड्याचं काम हललं. एका निवृत्त शिक्षकानं सरकारला स्वतःचाच कायदा वाचायला लावला, असं म्हणा हवं तर.

नाशिकवाल्यांनाही या हिशोबातून सुटका नाही. रामकुंडाखालच्या गोदावरीत शहराचं सांडपाणी मिसळतं, नांदूर मधमेश्वरला पानवेली साचते, आणि २०२०मध्ये रामसर दर्जा मिळालेल्या त्या पाणथळीतून पाणी आपल्याकडे येतं. २०२७मध्ये तिकडे पुन्हा कुंभमेळा आहे. आपण त्यांना म्हणू शकतो, की बाबांनो, पाणी द्या आणि स्वच्छ द्या. पण हे म्हणायचा अधिकार तेव्हाच, जेव्हा पैठणचा माणूस आपल्याला तेच म्हणेल आणि आपल्याकडे उत्तर असेल.

थोडं चांगलंही सांगतो. गेल्या काही वर्षांत खामच्या पुनरुज्जीवनाचं काम महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हेरॉक यांनी मिळून हाती घेतलं. कचरा काढला, काठ मोकळे केले, झाडं लावली, शाळांची पोरं नदीवर आणली. जागतिक पातळीवरच्या डब्ल्यूआरआय रॉस सेंटर पुरस्काराच्या अंतिम पाचांत हे काम पोचलं. मी तिथे फिरून आलोय, फरक दिसतो. ज्या काठावर कुणी उभं राहत नव्हतं तिथे संध्याकाळी म्हातारी माणसं बसलेली दिसतात. पण काठ सुधारणं आणि पाणी सुधारणं यात अंतर आहे. काठाचं काम लोकसहभागानं होतं. पाण्याचं काम मलवाहिन्या, प्रक्रिया केंद्रं, वीजबिलं आणि दंडाच्या नोटिसा यांनी होतं, आणि ते फक्त संस्थांवर ढकलता येणार नाही.

तर मागायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी, तिन्ही आजच्या कायद्यात बसणाऱ्या.

एक, खामला जटवाड्यापासून नाथसागरापर्यंत एक उपखोरं मानून जलसंपदा, महापालिका, छावणी, एमआयडीसी, प्रदूषण मंडळ आणि पैठण-गंगापूरच्या गावांची मिळून एक कायमची समिती हवी. तिचा अध्यक्ष कोण हे एकदा ठरवून टाका, म्हणजे नंबर देणं थांबेल.

दोन, दरवर्षी १५ ऑक्टोबरला जायकवाडीची टक्केवारी जाहीर होते. त्याच दिवशी, त्याच कागदावर दुसरा रकाना हवा. शहरात रोज किती सांडपाणी तयार झालं, किती शुद्ध झालं, किती पुन्हा वापरलं, आणि खाम नाथसागराला मिळते तिथे पाण्याची प्रत काय होती. धरणाची टक्केवारी जशी आपल्याला पाठ असते तशी ही पाठ झाली पाहिजे.

तीन, उद्योगांना आणि बांधकामांना शुद्ध केलेलं सांडपाणी आधी आणि धरणाचं पाणी नंतर. दुष्काळात असा निर्णय कसा घ्यावा लागतो ते २०१६च्या उन्हाळ्यात आपण बघितलंय, जेव्हा इथल्या खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितली. तेव्हा घाईगडबडीत करावं लागलं. आता सवडीनं करता येईल.

येत्या ऑक्टोबरात पुन्हा बैठका होतील. पाऊस कमी झाला तर पुन्हा आंदोलन होईल, आणि ते व्हावं. मी बातमी करायला तिथे असेनच. माझी विनंती एवढीच, की हक्काचं पाणी मागणाऱ्या फलकाशेजारी खामचाही एक फलक धरा. नाशिक-नगरच्या वकिलानं उद्या न्यायालयात विचारलं, की आम्ही दिलेल्या पाण्याचं तुम्ही पुढे काय करता, तर आपल्या वकिलाच्या हातात कागद असला पाहिजे. आज तो कागद कुठल्या कार्यालयात मागायचा, हेही ठरलेलं नाही. आपापल्या वॉर्डात मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारा.

#खाम #जायकवाडी #समन्यायी_पाणीवाटप